कणीक-गुळाचा केक दडस होतो, त्याबद्दल

मैदा-साखरेच्या जागी कणीक आणि गूळ घातला की केक दडस होतो, असं या चर्चेत वर दोघींनी लिहिलंय. पण नाद सोडू नका, हा केक छान हलका होतो.

कणकेतला कोंडा पाणी सावकाश शोषतो. म्हणून कणीक, दही, तेल आणि गुळाचं पाणी एकत्र कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. सोडा अगदी शेवटी, भांड्यात ओतण्याआधी घाला. दह्याशी गाठ पडताच तो फसफसतो, नंतर त्याचा जोर राहत नाही. चमच्यावरून जाड धार पडली पाहिजे. गोळा पडत असेल तर थोडं दूध घाला. गूळ लवकर करपतो, त्यामुळे १८० ऐवजी १६५ अंशांवर जरा जास्त वेळ भाजा.

आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण मार्केट यार्डातली पिवळीधमक ढेप बघून भुलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रोस (गूळ उजळ करणारं रसायन) घालून आणलेला असतो. गुऱ्हाळावरून तपकिरी, बिनरसायनाचा आणा. किसून कोमट पाण्यात विरघळवा आणि गाळाच. गाळणीत चिपाडाचे बारीक तुकडे राहतात.

आणि एक कळकळीने सांगते: गूळ म्हणजेही बहुतांशी साखरच. घरात कुणाला मधुमेह असेल तर 'गुळाचा आहे, खा' असा आग्रह नको. वाटीभर कणकेला अर्धी वाटी गूळ पुरतो, जायफळ-वेलदोडा सढळ हाताने घाला.