ल्यूर स्नॅपला लावायचा की थेट बांधायचा?

खाडीकाठचा

गेल्या पौर्णिमेच्या उधाणाला भाट्याच्या खाडीत होतो. मध्यरात्र उलटली होती, सुकती (ओहोटी) लागून तासभर झाला होता. दहा सेंटीमीटरचा मिनो (छोट्या माशासारखा ल्यूर, म्हणजे नकली आमिष), ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (लाईनच्या पुढचा जाड, ताठ दोरा), टोकाला स्नॅप (ल्यूर अडकवायची, उघडता येणारी तारेची कडी). जिताडा लागला. पहिल्या उडीत चांदण्यात पूर्ण दिसला, तोंड उघडं, डोकं दोन्हीकडे झाडत. दुसऱ्या उडीला रॉड एकदम हलका.

लाईन गुंडाळून हेडलॅम्पखाली बघतो तर लीडर शाबूत, गाठ शाबूत, स्नॅपही जागच्या जागी. फक्त त्याची तार उघडून लांब झालेली, वापरून वापरून ताठ झालेल्या केसाच्या पिनेसारखी. मासा ल्यूर घेऊन गेला. मासा सुटतो, त्याचं काही नाही. पण हा दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक तोंडात घेऊन गेला, आणि ते माझ्या हाताने गेले. तो विचार अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. खाडीत जिताडा आणि तांबोशीच्या मागे असताना ल्यूर थेट बांधावा. स्नॅप म्हणजे साखळीत आणखी एक कडी, हे झालंच. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. जिताड्याचे दात सुरमईसारखे कापत नाहीत, ते खरकागदासारखे घासतात, आणि त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड तर पात्यासारखी असते. दोन-तीन मासे लागले की लीडरची शेवटची वीत चरचरीत होते. थेट बांधणारा ल्यूर बदलताना ती वीत आपोआप कापून टाकतो. स्नॅपवाला रात्रभर पाच ल्यूर बदलतो आणि गाठ तीच, लीडर तोच. स्नॅप सोय करतो खरा, पण जिकडे नजर जायला हवी तिकडे ती जाऊ देत नाही.

तुम्ही काय करता?

कातळावरून

माका ह्या काय पटला नाय. दोष स्नॅपाचो नाय, निवडीचो आसा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला कातळावरून गरवतो, वीस वर्षं झाली. खाडीकाठच्या भावा, तो स्नॅप कोणत्या जातीचा होता? ज्याचं टोक पत्र्याच्या खाचेत नुसतं अडकतं, सेफ्टी पिनसारखं, तो जिताड्यासाठी नाहीच. ज्याच्या तारेचं टोक मागे वळून स्वतःच्याच तारेला आकडा मारतं, त्याला ओढ बसली की तो आणखी घट्ट होतो. दोन्ही दुकानात एकाच खोक्यात असतात आणि पाकिटावर फक्त नंबर असतो. एका कंपनीचा दोन नंबर दुसरीच्या चार नंबराएवढा. नंबर बघू नका, किती किलोचा आहे ते बघा.

दुसरं, तो स्नॅप किती वेळा उघडला होतास? तार वाकवली, सरळ केली, परत वाकवली की ती थकते. त्यात खारं पाणी. मी दर चार-पाच फेऱ्यांनी स्नॅप फेकून देतो, मग तो कितीही नवा दिसो.

आणि कातळावर उभं राहून बघा एकदा. लाट कधी येईल सांगता येत नाही, पायाखाली शेवाळ. मान खाली घालून दोन मिनिटं गाठ मारत बसलात की समुद्राकडे पाठ झालीच समजा. माझ्या ओळखीतल्या एकाचे गुडघे तसेच फुटले, जीव वाचला तो नशिबाने. स्नॅपला दहा सेकंद लागतात. ती सोय नव्हे, माझ्यासाठी ती सुरक्षा आहे.

खाडीकाठचा

स्नॅप पहिल्या जातीचाच होता, आणि पाकीट दोन वर्षांपूर्वीचं. त्या एका रात्रीत सहा-सात वेळा तरी उघडला असेन. ही चूक माझीच.

पण कातळाचं कारण खाडीला लागू होत नाही. मी जेटीवर उभा असतो, मला घाई नसते. आणि लीडर तपासण्याच्या मुद्द्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

कातळावरून

बोलतो. दर माशानंतर लीडरची शेवटची हातभर लांबी ओठांतून ओढून बघायची. बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं. खरखर लागली की कापायचा. ही सवय आहे, तिला गाठीची गरज नाही. उलट तुम्ही प्रत्येक बदलाला दहा-बारा सेंटीमीटर कापता. मीटरभर लीडर, सात-आठ बदलांत हातात काय उरलं? मग भर वाऱ्यात ब्रेडेड (विणलेल्या) लाईनला नवीन लीडर एफजी नॉटच्या किचकट गाठीने जोडत बसा. रात्री, ओल्या हातांनी.

पाझरतलाव

समुद्रातलं मला माहीत नाही. मी सोलापूरकडचा, मरळ हाच माझा मासा. पोकळ रबरी बेडूक जलपर्णीवरून ओढायचा असतो. स्नॅप लावला तर प्रत्येक फेकीला त्यात शेवाळाची बटच अडकून येते. ब्रेडेड लाईन सरळ बेडकाला, पालोमार गाठ, विषय संपला. जिगहेडलाही (शिशाचं डोकं असलेला हुक, त्यावर रबरी आमिष) थेटच. त्याला बदलायचं असतं ते रबर, डोकं नव्हे.

निवृत्त दर्यावर्दी

‘थेट बांधा’ म्हणताय, पण मिनोला कोणत्या गाठीने ते एकानेही सांगितलं नाही. सगळा वाद तिथेच अडला आहे.

मिनोच्या नाकातल्या पक्क्या कडीला (तिलाच ल्यूरचा डोळा म्हणतात) क्लिंच किंवा युनी गाठ करकचून आवळली, तर ल्यूर लीडरच्या जाडीला बांधला जातो. ३० पौंडी फ्लुरोकार्बन म्हणजे चांगलीच ताठ वस्तू. मग ल्यूर डुलत नाही, ओढल्यासारखा नुसता येतो. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा पहिला ल्यूर कोरला तो जखमी मासा कसा लडबडतो ते बघून. ती लडबड हेच त्याचं सगळं भांडवल. म्हणून त्या घराण्याचे ल्यूर बांधायला जी गाठ सांगतात ती मोकळ्या फाशाची असते. फासा छोटा, आत ल्यूर सुटा. स्नॅपही हेच काम करतो, त्याची गोल कमान म्हणजे लोखंडी फासाच. तेव्हा खरी तुलना स्नॅप आणि मोकळा फासा यांची आहे. आवळलेली गाठ यात बसतच नाही.

मात्र स्नॅपबरोबर जे स्विव्हल (गरगर फिरणारी जोडकडी) येतं ते ल्यूरपुढे लावू नये. त्या वजनाने लहान ल्यूरचं नाक खाली जातं आणि चाल मरते.

आता माझं स्वतःचं. माझं वय ६३, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. संध्याकाळी सहानंतर मला ल्यूरच्या डोळ्यात लीडर ओवता येत नाही. सुईत दोरा ओवायला नातीला बोलवावं तशी गत होते, आणि खाडीवर नात नसते. मी घरूनच टेबलावर, दिव्याखाली, चष्मा लावून दोन लीडर बांधून नेतो, स्नॅपसकट. त्या गाठी मी निवांत ओल्या करून आवळलेल्या असतात. अंधारात घाईने मारलेल्या थेट गाठीपेक्षा माझा त्या गाठीवर जास्त विश्वास आहे. ज्यांचे डोळे धड आहेत त्यांनी बांधावं. आमच्यासारख्यांना खाडी सोडावी लागू नये एवढंच मागणं.

खाडीकाठचा

काका, हे वाचून थांबलो. मी युनीच बांधायचो, आवळून. थेट बांधलेला माझा मिनो मेल्यासारखा का येतो, याचा दोष मी ल्यूरला देत होतो.

एक विचारतो. मासा लागल्यावर तुमचा फासा आवळत नाही का?

निवृत्त दर्यावर्दी

गाठीवर अवलंबून आहे. काही फासे ओढ बसली की सरकून आवळतात. न सरकणारा हवा असेल तर आधी लीडरला साधी ओव्हरहँड गाठ सैल घ्यायची, टोक ल्यूरच्या डोळ्यातून काढून त्याच गाठीतून परत आणायचं, उभ्या लाईनला चार-पाच वेढे द्यायचे आणि पुन्हा त्या पहिल्या गाठीतून बाहेर. थुंकीने ओलं करून सावकाश आवळायचं. फासा करंगळीच्या नखाएवढा ठेव. मोठा ठेवलास तर पुढचा ट्रेबल त्यात अडकतो.

मीठपाणी

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गरवते, म्हणून एक हिशोब मांडते. पाण्यात अधांतरी थांबणारे जे सस्पेंडिंग ल्यूर मिळतात, ते बरेचसे गोड्या पाण्यासाठी तोललेले असतात. समजा असा १२ ग्रॅमचा ल्यूर आहे. गोड्या पाण्यात तो १२ मिलिलिटर पाणी बाजूला सारतो आणि थांबतो. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५. तिथे तेवढंच पाणी १२.३ ग्रॅमचं होतं. म्हणजे ल्यूर ०.३ ग्रॅमने हलका पडतो आणि हळूहळू वर येतो.

माझ्याकडे दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आहे. त्यावर माझ्या वापरातले दहा स्नॅप एकदम ठेवले, ३ ग्रॅम भरले. एकाचे ०.३. मे महिन्यात खाडी पुरती खारट असते, तेव्हा हाच स्नॅप लावून माझा ल्यूर बरोबर थांबतो. थेट बांधला की वर येतो. जुलैत नदीला लाल पाणी उतरलं की उलटं, स्नॅप लावलेला ल्यूर बुडायला लागतो. तेव्हा मी थेट बांधते. मला यात बाजू घ्यायचीच नाही, मी आधी पाणी चाखते.

कातळावरून

बाई, वीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण एक शंका. वजन नाकावर पडतं ना? मग ल्यूर थांबेल, पण नाक खाली करून थांबेल.

मीठपाणी

बरोबर, थोडं झुकतं. मला चालतं, कारण खाली बघणारा मासा चरतोय असं दिसतं. ज्यांना आडवाच हवा त्यांनी पुढच्या हुकच्या दांडीला सोल्डरच्या बारीक तारेचे दोन वेढे द्यावे आणि ल्यूर फाशाने बांधावा.

मस्कतकर

इथे ओमानमध्ये आम्ही सुरमईच्या मागे. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमईला बंदी असते, ती उठली की आमची सुरुवात. सुरमईपुढे फ्लुरोकार्बन म्हणजे शेवया. तारेचा ट्रेस (लीडरच्या जागी धातूची तार) लागतोच, आणि तारेला दर वेळी नवीन वेढे मारत कोण बसणार? ट्रेसच्या टोकाला भक्कम स्नॅप कायम. रत्नागिरीतून येताना मीही ‘थेटच बांधायचं’ हे घेऊन आलो होतो, पहिल्या आठवड्यात चार ल्यूर कापले गेले. मासा कोणता, दात कसे, ते आधी विचारा. स्नॅपचा प्रश्न त्यानंतरचा.

पहिलीच गरी

मी नवीन आहे, रॉड-रीळ घेऊन महिना झाला. वाचून गोंधळ वाढला. ल्यूरच्या नाकात आधीच दुहेरी कडी असते, तिलाच स्नॅप लावायचा का? की ती काढायची?

कातळावरून

स्नॅप लावत असलास तर ती स्प्लिट रिंग काढून टाक, दोन्ही कशाला. थेट बांधत असशील आणि रिंग ठेवलीस, तर गाठ रिंगच्या फटीजवळ सरकू देऊ नकोस. तारेची टोकं धारदार असतात, लीडर कापतो. आणि पहिले सहा महिने एकच गाठ शीक. जेवण झाल्यावर रोज दहा वेळा बांधायची, पक्कड लावून ओढायची, तुटली तर कुठे तुटली ते बघायचं.

खाडीकाठचा

काल परत गेलो होतो. दोन रॉड नेले. एकावर काकांनी सांगितलेला न सरकणारा फासा, दुसऱ्यावर आकडा मारणारा नवा स्नॅप, किलो बघून घेतलेला. दोन्हींवर एकाच जातीचे मिनो. जेटीच्या दिव्याखाली, दोन हात अंतरावर, एकामागून एक ओढून बघितले. मला चालीत फरक दिसला नाही. युनी आवळून तिसऱ्यांदा टाकला तेव्हा फरक लगेच कळला, पाठ ताठ करून चालल्यासारखा आला.

मासा मिळाला एकच, दीड किलोच्या आसपासची तांबोशी, फाशाच्या रॉडवर, खांबाजवळ. तिने खांबाकडे धाव घेतली, मी रोखली. वर आल्यावर लीडर ओठांतून ओढला. गाठीपासून चार बोटं वर खरखर होती. खांबावरच्या कालवांनी घासलं होतं. स्नॅप असता तर तो लीडर मी बघितला असता का? आजच्या मी बघितला असता. महिन्यापूर्वीच्या मी नाही.

म्हणून मूळ मतातून एवढंच मागे घेतो. मिनो आणि वरून चालणारे ल्यूर यांना स्नॅप चालेल, दर फेरीला नवीन, आणि दर माशाला लीडर ओठांतून. खांब, कालवं, मुळं असतील तिथे मी फासाच बांधणार, यावर माझं मत बदललेलं नाही. आणि आता सगळ्या ट्रेबलांचे टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले आहेत. पुन्हा कधी ल्यूर घेऊन मासा गेलाच, तर तो त्याला झटकून टाकता यावा.

कातळावरून

काटे दाबलेस ते बेस केलंस. बाकी खांबाजवळसुद्धा मी स्नॅपच लावणार. अमावस्येच्या उधाणाला इकडे ये, कातळ दाखवतो. स्नॅप माझे, फासे तुझे. काकांनाही घेऊन ये, त्यांचे लीडर मी ओवीन.

निवृत्त दर्यावर्दी

येतो. लीडर घरून बांधूनच आणेन, तू फक्त चढताना हात दे.