२४ तासाच्या मावशी टिकाव्यात म्हणून काय करावं? (बजेट ५ हजार)

दुपारची_झोप
आई ७८ वर्षांची. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालते. ब्युरोतर्फे २४ तासाच्या मावशी ठेवल्यात. पगार २० हजार, जेवणखाण आपल्याकडे. या तिसऱ्या. पहिल्या ११ दिवसांत गेल्या, दुसऱ्या "गावाला जाऊन येते" म्हणाल्या त्या आल्याच नाहीत. आताच्या हिंगोली जिल्ह्यातल्या. कामाला चोख, पण बोलत नाहीत. काहीही विचारा, "काही नाही लागत ताई." आम्ही सगळे जेवून उठल्याशिवाय जेवत नाहीत. रात्री आईच्या खोलीत खाली सतरंजी टाकून झोपतात आणि आई त्यांना तीन-चारदा उठवते.

मी नऊला बाहेर पडते ती सातला घरी. झोपायची सोय, सुट्टी, जेवण, मोबाइल याबाबत तुमच्याकडे काय पद्धत आहे? एकदाचा खर्च ५ हजारांत बसवायचाय. ऑपरेशननंतर खुबा तिचा आणि कंबरडं आमचं अशी स्थिती आहे.

बंगल्यातला_फणस
आम्ही सोफा-कम-बेड घेतला. दिवसा बैठक, रात्री पलंग, खाली कप्पा. १४,५००. पाच हजारांत काही धड येत नाही, एकदाच चांगलं घ्या. आमच्या बाई इतक्या खूश की विचारू नका.

दुपारची_झोप
धन्यवाद, पण बजेट ५ आहे हो.

बंगल्यातला_फणस
हप्त्यांवर मिळतो.

सदा_सावध
सोफे नंतर. आधी पोलिस व्हेरिफिकेशन केलंत का? आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता? ब्युरोवाले "सगळं केलंय" म्हणतात, कागद मागितला की गप्प. आणि कॅमेरा. हॉलमध्ये एक, आईंच्या खोलीत एक. आमच्याकडे चांदीची दोन फुलपात्री गेली तेव्हा डोळे उघडले.

चिंचेचा_कोळ
मग पकडली का बाई?

सदा_सावध
फुलपात्री माळ्यावरच्या पेटीत सापडली. पण तो मुद्दा नाही.

चिंचेचा_कोळ
:)) बाईला परत बोलावलंत का?

शेंगदाण्याचं_कूट
सासूबाईंसाठी सहा वर्षं एकच बाई होत्या, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते. बाई पगारावरून जातात त्याहून जास्त झोपेवरून जातात. रात्री चारदा उठलेलं माणूस सकाळी सहाला हसतमुख कसं असेल? मी दुपारी दीड ते चार त्यांचे म्हणून सोडले होते. त्या वेळात मी घरी असले तरी हाक मारायची नाही, सासूबाईंना पाणी मी द्यायचं. पहिला आठवडा सासूबाई मुद्दाम हाका मारत. मग सोडलं त्यांनी.

दुसरं, कमोड चेअर घ्या. पलंगाशेजारीच ठेवायची. रात्री बाथरूमपर्यंतची वारी वाचते आणि पडण्याची भीतीही. भाड्यानेही मिळते. आणि सुट्टी आठवड्याची ठरवून द्या, "बघू" नको.

टॉर्च_आणि_मेणबत्ती
+१ झोप. आम्ही बिनतारी घंटी आणली होती, ८५० रु. आईच्या उशाशी बटण, बाईच्या खोलीत आवाज. उत्तम वस्तू, घेऊच नका. आईने एका रात्रीत १७ वेळा वाजवली. एकदा फक्त "चालू आहे का बघत होते" म्हणून. बाई गेली, घंटी अजून आहे. कुणाला हवी तर देतो.

न्यू_जर्सीचा_गोट्या
वाचून गंमत वाटते. आम्ही इथे दोन मुलं, नोकरी, स्वयंपाक, बर्फ उपसणं सगळं स्वतः करतो. भारतात माणसांची सवय लागलीये.

चिंचेचा_कोळ
गोट्याभाऊ, तुमची आई कुठे असते?

न्यू_जर्सीचा_गोट्या
सांगलीला. बाई आहे तिथे. ते वेगळं.

पेठेतला_वाडा
हल्ली बाया मिळतच नाहीत. लाडकी बहीणचे १५०० घरबसल्या येतात, कोण करणार काम?

शेंगदाण्याचं_कूट
१५०० मध्ये महिना काढून दाखवा, मग बोलू.

पेठेतला_वाडा
मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. शिवाय यांना मिसरी लागते. बेसिन काळं होतं. ते आधीच सांगून ठेवा.

चिंचेचा_कोळ
माझ्या आजीची मिसरी आजोबा भाजून देत, तेव्हा आमचं बेसिन नव्हतं. राजकारण आणि मिसरी दोन्हीसाठी वेगळा धागा काढा.

कायद्याचं_बोला
महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी होते, मावशींची करून द्या. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्डही काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. बँकेत खातं लागतं. पगारही खात्यावर, ठरलेल्या तारखेला. उचल दिली तर वहीत दोघींची सही. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला होता, तेव्हाही आजारपणात कामावरून काढणं हेच कारण निघालं होतं. आज इतक्या वर्षांनी आपण सुट्टी द्यावी का यावर चर्चा करतोय.

सदा_सावध
उचल देऊच नका. आणि कॅमेरा.

नदीकाठची_बाभूळ
सहसा लिहीत नाही. माझी आई नाशिकला आठ वर्षं राहायच्या कामाला होती, तेव्हा दुसऱ्या बाजूचं सांगते.

घर चांगलं होतं. मारझोड, शिव्या काही नाही. "फ्रिजमधलं हवं ते घे गं" असं सांगितलेलं. आईने आठ वर्षांत फ्रिजमधलं एक फळ स्वतःहून घेतलं नाही. कारण कुठलं सफरचंद मोजलेलं आहे ते तिला माहीत नव्हतं. "हवं ते घे" म्हणण्यापेक्षा बशीत कापून हातात द्या.

तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओट्याखाली ठेवलेला. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही, आईनेही नाही. मला मात्र तो कप अजून दिसतो.

तिची पिशवी पलंगाखाली असायची. केर काढताना कुणीतरी सरकवायचं, कधी उघडून बघितलेली कळायची. तिला एवढंच हवं होतं की त्या घरात कुलूप लागणारी एक तरी जागा आपली असावी.

आणि ती बोलायची नाही, कारण बोललं की काम वाढतं हे तिला आधीच्या घरी कळलं होतं. दुपारची_झोप, तुमच्या मावशींना "काय लागतं" असं विचारू नका. त्याला उत्तर "काही नाही" हेच येतं. "हे की ते" असं विचारा.

आईंच्या खोलीत कॅमेरा लावायचाच असेल तर आधी दाखवून, सांगून लावा. कपडे त्याच खोलीत बदलतात त्या.

टॉर्च_आणि_मेणबत्ती
कपाचं वाचून उठून आमच्या ओट्याखाली बघून आलो. जास्त लिहीत नाही.

पेठेतला_वाडा
वेगळा कप स्वच्छतेसाठीही असू शकतो. लगेच दुसरा अर्थ काढायची गरज नाही.

शेंगदाण्याचं_कूट
मग तुमचा कपही वेगळा ओट्याखाली ठेवा, स्वच्छ राहील.

बंगल्यातला_फणस
सोफा-कम-बेडमध्ये कुलपाचा कप्पा असतो हे सांगायचं राहिलं.

दुपारची_झोप
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

बाभूळ म्हणाली तसं "हे की ते" विचारलं. आधी झोपायचं. मी फोल्डिंगची खाट बघून ठेवली होती. मावशी म्हणाल्या, खाटेवर झोप लागत नाही, खाली बरं. मग कापसाची गादी करून घेतली, २,२०० रु. कमोड चेअर भाड्याने आणली. आई दोन दिवस रुसली, "मी काय आजारी आहे का" म्हणून. आता रात्री एकदाच उठवते. कपाटाचा खालचा खण कुलपासकट त्यांना दिला, किल्ली त्यांच्याकडेच.

मग सुट्टी. इथे आठवड्याची सुचवली होती, मलाही तेच पटलं होतं. विचारलं, रविवार की गुरुवार? पहिल्यांदाच लांब वाक्य बोलल्या: "एका दिवसाची सुट्टी घेऊन मी पुण्यात कुठं जाऊ ताई? रस्त्यावर बसू?" गावाला जायला एक रात्र जाते, यायला एक. म्हणून महिन्याचे चार दिवस सलग ठरलेत, लेकीकडे जाऊन येतील. शेंगदाण्याचं_कूट, तुमचा सल्ला मोडला, रागावू नका. त्या चार दिवसांत भाऊ बंगळुरूहून येऊन राहणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

जेवणाचं कोडंही सुटलं. त्या शेवटी जेवत होत्या, कारण आमची गुळाची आमटी त्यांना गिळवत नव्हती आणि ते कुणाला दिसू नये असं त्यांना वाटत होतं. "ताई, तुमच्या तव्यावर भाकर नाही होत." आमचा नॉनस्टिक. लोखंडी तवा आणला, ५५० रु. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ठेच्याला आईने बोट लावून बघितलं आणि दिवसभर पाणी पीत बसली, पण दुसऱ्या दिवशी परत मागितला.

कॅमेरा लावला नाही. सदा_सावध, व्हेरिफिकेशनचा कागद मात्र ब्युरोकडे मागितला, अजून देतायत.

टिकतील का, माहीत नाही. पाच तारखेला गावाला जातायत, येते म्हणाल्यात. तवा इथेच ठेवून चालल्यात.

सदा_सावध
तवा तुमचाच आहे.

नवा_गडी
धागा पूर्ण वाचला नाही. आम्हालाही २४ तासाची बाई हवी आहे, सिंहगड रोड. ब्युरोचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का? आणि तो सोफा-कम-बेड कुठे मिळतो?