दोन हजार वॅटचा व्हॅक्यूम, तरी गालिच्यात मांजराचे केस तसेच

धूळभेट:
हॉलमध्ये पाऊल रुतेल असा जाड गालिचा आहे आणि घरात दोन मांजरं. मशीन २००० वॅटचं. सुरू केलं की दोघी पलंगाखाली, इतका आवाज. दिवसाआड अख्खा गालिचा काढते. काल रबरी हातमोजा घातलेला हात सहज त्यावरून ओढला, तर केसांचा लिंबाएवढा गोळा हातात! मग इतके दिवस मी ओढलं काय? नवीन घ्यायचं झालं तर किती वॅटचं बघू?

जुना_फिटर:
वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. ओढतं किती, हा हिशेब वेगळा. युरोपीय संघात २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम बाजारात आणायला बंदी आहे, तरी तिथले गालिचे साफ होतातच.

मशीन राहू द्या, आधी त्याचं तोंड उलटं करून बघा. आत फिरणारा ब्रश आहे की नुसती फट? फट असेल तर वरवरचा कचरा जातो. केस धाग्यांना गुंडाळून बसतात, ते उकरून काढावे लागतात. हवेच्या जोरावर फिरणारा टर्बो ब्रश जाड गालिच्यात दाबला की मंदावतो, कधी थांबतोच. स्वतःची मोटार असलेला ब्रश असेल तर उत्तम. ब्रश वेगळा घेणार असाल तर नळीचा व्यास मोजून घ्या. ३२ आणि ३५ मिलिमीटर, दोन्ही चालतात बाजारात, आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. (हे मी स्वतः चुकीचं आणून शिकलोय.)

तोंड गालिच्याला चिकटून बसतं का?

धूळभेट:
हो! ढकलताना खांदा भरून येतो. मला वाटायचं, म्हणजे ओढ जबरदस्त आहे.

जुना_फिटर:
उलट आहे. चिकटलं की हवा आत यायची थांबते, आणि कचरा वाहून नेते ती वाहती हवाच. मुठीजवळ सरकतं झाकण असेल, ते थोडं उघडा. आणि घाई नको. एक पट्टा सावकाश पुढे, त्याहून सावकाश मागे, मग आडवा हात. पिशवी काठोकाठ भरायची वाट बघू नका. फिल्टर धुता येण्याजोगा असेल तर धुतल्यावर पूर्ण दिवस वाळवा. ओला बसवला की कुबट वास सुटतो.

सैल_टाका:
एक सांगते. टॉवेलसारखे अखंड वेढे असलेला गालिचा असेल तर फिरता ब्रश बंदच ठेवा. माझ्याकडे एक धागा अडकला आणि स्वेटर उसवावा तशी सरळ रेघ उसवली. वर आलेला धागा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. मी ओढला होता.

धूळभेट:
आमचा कापलेल्या धाग्यांचा आहे, बघितलं. आणि हसू नका, पण फिरत्या ब्रशचं तोंड खोक्यातच होतं, प्लास्टिकसकट. मी ते सोफ्याचं समजून ठेवून दिलं होतं. झाकण उघडून हळूहळू एकच पट्टा काढला. जे निघालं त्यातून तिसरं मांजर उभं राहिलं असतं. फक्त आता ते सगळे केस ब्रशच्या दांड्याला आवळून बसलेत.

जुना_फिटर:
प्लग काढा. दांड्याच्या लांबीने कात्री चालवा, गुंडाळी आपोआप सुटते. दोन्ही टोकांना बेअरिंगपाशी बघायला विसरू नका, तिथे गेलेले केस दांडा जाम करतात.