१६ महिन्यांची लेक रात्री पाच वेळा उठते – मदत हवी आहे

जागरण_१६

नमस्कार. इथले धागे बरेच महिने नुसते वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच. लांबलंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहिते.

लेक १६ महिन्यांची आहे. रात्री साडेनऊला झोपते, ती माझ्या खांद्यावर, दुधाची बाटली संपवून. साडेदहाला पहिली जाग. मग बारा, दोन, साडेतीन, पाच. घड्याळ लावल्यासारखी. उठली की कॉटचा कठडा धरून उभी राहते आणि रडते. उचलून बाटली दिली की दोन मिनिटांत डोळे मिटतात.

खरी परीक्षा त्यानंतर. माझ्या गाऊनचा गळा तिच्या मुठीत घट्ट असतो. आधी करंगळी सोडवायची, मग एकेक बोट, अंगठा शेवटी. वाकताना माझा गुडघा वाजला तरी डोळे टक्क उघडतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. काल दोनची जाग सव्वातीनपर्यंत चालली आणि साडेतीनला ती परत उठली.

दिवसा ती फारसं खात नाही. चार घास झाले की मान फिरवते. दूध मात्र आवडीने पिते, त्यामुळे पोटात काहीतरी जातंय एवढं समाधान असतं. लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले मोठी होईल तशी झोपेल. माझी आई म्हणते तूही अशीच होतीस. सासूबाई म्हणतात भुकेली राहते, झोपताना अजून दूध दे. नवरा मनापासून करतो, पण रात्री त्याने घेतलं की ती जास्तच आकांत करते, मग मला राहवत नाही आणि मी उठतेच. तीन महिन्यांपूर्वी मी कामावर परत गेले. दुपारी संगणकासमोर अक्षरं पुसट होतात.

आता जे लिहितेय ते नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. परवा रात्री तीन वाजता मी तिच्यावर ओरडले. तिला कॉटमध्ये जवळजवळ आदळलंच आणि खोलीबाहेर आले. बाथरूममध्ये नळ सोडून बसले, तिचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. चार-पाच मिनिटांनी आत गेले तर दोन्ही हात पसरून उभी होती. जिच्यावर चिडले तीच मला बिलगून रडत होती. तेव्हापासून रात्र जवळ आली की छातीत धडधडतं.

बाटली आधी सोडवू की खांदा? आणि रडू दिलं तर तिच्या मनावर कायमचा परिणाम होतो का? या दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त भीती वाटते.

---

सायली_मोगरा

काही सुचवण्याइतकी मी जाणती नाही, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. फक्त एवढंच सांगायला आले की बाथरूममधला तो नळ मी पण सोडलाय. तुम्ही एकट्या नाही.

---

कवडसा

अगं, आधी परवाच्या रात्रीबद्दल बोलू, बाकीचं नंतर.

मी बालरोग विभागात नर्स आहे. तू खोलीबाहेर गेलीस, हे तू बरोबर केलंस. संताप हाताबाहेर जातोय असं वाटलं की बाळाला कॉटमध्ये ठेवायचं, दार ओढायचं आणि पाच-दहा मिनिटं लांब जायचं, हे आम्ही घरी जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगतो. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडून बाळाला इजा होत नाही. चिडून गदागदा हलवल्याने होते. मेंदूत रक्तस्राव होतो आणि त्यासाठी काही सेकंद पुरतात. पुढच्या वेळी फक्त पाच मिनिटं आधी बाहेर पड, ठेवताना हात हलका राहील तेव्हाच. आणि रात्र जवळ आली की धडधडतं म्हणतेस, ते डॉक्टरांना सांग. बाळाच्या नाही, तुझ्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि चिंता पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येते असं नाही, वर्षानंतरही डोकं वर काढते, आणि त्यावर उपचार आहेत.

आता लेकीबद्दल थोडं विचारते. रात्री ती घोरते का? तोंड उघडं ठेवून झोपते का? झोपेत पाय फार झाडते का? आणि चोवीस तासांत दूध नक्की किती जातं? अंदाजे नको, बाटलीवरचे आकडे बघून एक दिवस लिहून काढ आणि इथे टाक. खाणं कमी आणि दूध आवडीने, हे वाचून मला तो आकडा बघायचाच आहे.

---

दोघांचा_बाबा

आमचा मोठा अगदी असाच होता, म्हणून सविस्तर लिहितो.

ती उठते हा दोष नाही. सगळेच उठतात. लहान मुलांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं, आपलं दीड तासाचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप अगदी पातळ होते, आपण कूस बदलतो, उशी नीट करतो आणि सकाळी काही आठवत नाही. मूल डोळे उघडतं तेव्हा झोपताना होतं ते सगळं जागच्या जागी आहे का हे बघतं. तुमची लेक खांद्यावर बाटली तोंडात घेऊन झोपली, जाग आली तेव्हा खांदा नाही, बाटली नाही, आई नाही. आपण स्वयंपाकघरातल्या जमिनीवर जागे झालो तर ओरडूच ना?

म्हणून रात्री दोनला काय करायचं याचा विचार सोडा, साडेनऊचं बदला. कॉटमध्ये ती जागी असताना गेली पाहिजे. पेंगलेली चालेल, पण डोळे उघडे.

आम्ही खुर्चीची पद्धत केली. पहिल्या तीन रात्री मी कॉटला खुर्ची लावून बसलो, पाठीवर हात, उचलायचं नाही. नंतर हात काढला, नुसता बसलो. मग दर दोन-तीन रात्रींनी खुर्ची दाराकडे सरकवत नेली. रात्री उठला की परत तीच खुर्ची, त्या दिवशी जिथे असेल तिथे. बोलायचं तर एकच वाक्य, तेच तेच, हळू आवाजात. पहिल्या रात्री ४० मिनिटं रडला, दुसऱ्या रात्री २५, तिसऱ्या रात्री तब्बल ५५. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली बास, उचल. तिथे उचललं असतं तर ५५ मिनिटं रडलं की उचलतात एवढंच तो शिकला असता. सवय सुटण्याआधी एकदा उसळी मारतेच, हे आधी माहीत असलेलं बरं. नवव्या रात्री झोपला.

आणि हे बाबांनी करा. आई समोर असून उचलत नाही हे मुलाला कळत नाही. बाबाकडून खांद्याची तेवढी अपेक्षाच नसते. फक्त तुम्ही त्या वेळात दाराबाहेर उभ्या राहू नका. खरंच दुसऱ्या खोलीत जा.

---

पाऊलखुणा

मी वेगळं सांगणार आहे. रागावू नका.

मला रडणं ऐकवलंच नाही. आम्ही कॉट काढली, जमिनीवर मोठी टणक गादी घातली, भिंतीपासून अंतर ठेवून, आणि मी शेजारी झोपू लागले. बाळ वर्षापुढचं होतं म्हणून हे केलं, त्याआधी केलं नसतं. ती उठायची, मला हात लावायची, परत झोपायची. मला उठावं लागत नव्हतं, झोप पुरायची. अडीच वर्षांची झाल्यावर आपणहून वेगळी झोपली. दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आई नजरेआड झाली की घाबरण्याचा काळ जोरात असतो, त्यात ही परवाच कामावर गेलेल्या आईची लेक. ती दूध नाही, तुम्हाला मागतेय असं मला वाटतं.

---

दोघांचा_बाबा

@पाऊलखुणा, राग कसला. ज्या घरात ते निभतं तिथे ते बरोबरच आहे. फक्त मनावर कायमचा परिणाम हा मुद्दा धागाकर्तीला छळतोय म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात यावर अभ्यास झालाय. ज्यांच्या आईवडिलांना बाळपणी अशा हळूहळू झोप लावण्याच्या पद्धती शिकवल्या होत्या, त्या मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं. एकूण ३२६ कुटुंबं होती, निकाल २०१२ मध्ये आला. भावनिक स्थिती, वागणूक, आईवडिलांशी नातं, कशातच बाकीच्या मुलांपेक्षा फरक नव्हता. नुकसान नाही, आणि सहाव्या वर्षी फायदाही उरलेला नव्हता. म्हणजे हे आजच्या रात्रींसाठी करायचं. आयुष्यभराचं काही पणाला लागलेलं नाही, कुठलीही पद्धत घ्या.

---

जागरण_१६

सगळ्यांचे उत्तर वाचून काल खूप रडले, पण बरं वाटलं. कवडसाताई, तुम्ही पहिल्या ओळीत जे लिहिलंत ते नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

दूध लिहून काढलं. रात्री १८० च्या तीन बाटल्या, शिवाय दोन वेळा अर्ध्या. दिवसा २०० च्या दोन. बेरीज ११२० मिली. आकडा बघून मीच दचकले. घोरत नाही, तोंड बंद असतं. पाय मात्र फार झाडते, चादर रोज पायथ्याशी गोळा झालेली असते. आणि पाळणाघरात विचारलं तर संध्याकाळी साडेपाचपर्यंत झोपवतात असं कळलं. सकाळी एक, दुपारी उशिरा एक, अशा दोन झोपा.

---

कवडसा

हेच वाटलं होतं. वर्षापुढच्या मुलाला दिवसभरात अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरतं. ७०० मिलीच्या वर गेलं की दोन गोष्टी होतात. पोट दुधानेच भरतं म्हणून जेवण नको होतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं, वर ते अन्नातलं लोह शोषूही देत नाही. लोह कमी झालं की मूल चिडचिडं होतं, भूक आणखी मरते, झोपेत पाय झाडणं वाढतं. हे चक्र आहे. लसीच्या वेळी पाच मिनिटांत हे कुणाला दिसणार? परत जा, दुधाचा आकडा सांग आणि हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांग. मनाने लोहाचं औषध सुरू करू नकोस, त्याचा डोस वजनावर ठरतो आणि जास्त झालं तर ते विषारी असतं.

बाटली आधी सोडव, खांदा नंतर. दर दोन रात्रींनी प्रत्येक बाटलीतलं ३० मिली कमी कर. शेवटी ६० उरलं की थेट बंद, मागितलं तर कपात पाणी. वाढ व्यवस्थित असलेल्या वर्षापुढच्या मुलाला रात्री दुधाची गरज नसते. आणि झोपताना दूध तोंडात राहिल्याने वरचे पुढचे दात किडतात, तेही एकदा उजेडात ओठ वर करून बघ. हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर दातांच्या डॉक्टरांकडे लगेच.

झोपेचं गणित दोघांचा_बाबा सांगतीलच, पण साडेपाचला उठलेलं मूल साडेनऊपर्यंत पुरतं थकत नाही. या वयात चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, दिवसाची धरून. दोन झोपांची एक करायचं हेच वय आहे. पाळणाघराला सांग, जेवणानंतर एकच झोप आणि तीन वाजले की उठवायचं.

---

जागरण_१६

तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये लिहायचं त्राणच नव्हतं.

हिमोग्लोबिन ९.२ आलं. या वयात साडेदहाच्या खाली म्हणजे कमीच, डॉक्टर म्हणाल्या. (दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.) लोहाचे थेंब सुरू झालेत, दुधासोबत द्यायचे नाहीत असं सांगितलंय. शी काळी होते ते आधी सांगितलं म्हणून घाबरले नाही. पांढरी रेघ एका दातावर आहे, पुढच्या आठवड्यात दाखवतोय.

बाटली कमी करायला बारा दिवस लागले. त्यातले पहिले चार काहीच नव्हते, १८० चे १२० झाले तर तिला कळलंसुद्धा नाही. ६० वरून शून्य, ती रात्र कठीण गेली. नवरा आत बसला, मी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या खोलीत. एक तास दहा मिनिटं. मी कानावर उशी घेतली होती. मग आवाज बंद झाला आणि नवरा बाहेर आला, त्याचेही डोळे लाल. म्हणाला, माझं बोट धरून झोपली.

पाऊलखुणा, तुमचंही ऐकलं. कामावरून आल्यावर पहिली वीस मिनिटं फोन बाजूला, फक्त ती आणि मी, जमिनीवर. हे मला झोपेपेक्षाही आधी लागू पडलं.

आता साडेआठला झोपते. रात्री एकदा उठते, बहुतेक दोनला, कुरकुर करते आणि खुर्ची दिसली की आडवी होते. कधी खुर्ची रिकामी असते तरी चालतं. दोन दिवसांपूर्वी तिने ताट पुढे ओढून स्वतः घास घेतला, पाच-सहा वेळा. डॉक्टरांकडे मीही जाऊन आले, माझं बोलणं सुरू आहे.

एक अडलंय. सकाळी पावणेपाचला टक्क जागी होते, ताजीतवानी, रडणं नाही, खेळायलाच निघते. ही शेवटची जाग पुढे कशी ढकलायची? रात्री उशिरा झोपवून बघितलं तर तरीही पावणेपाचच.

---

दोघांचा_बाबा

उशिरा नको, उलट आठला झोपवून बघा, आठ दिवस. फार दमलेलं मूल लवकर उठतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण आमच्याकडे तेच निघालं. आणि पडद्यातून पहाटेचा उजेड येतो का ते पाच वाजता स्वतः कॉटशेजारी उभं राहून बघा. आमच्याकडे एक बोटभर फट होती.