ऊसतोड टोळी पळवली: दावा मुकादमावर की पळवणाऱ्यावरही?

निपाणीकर
कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागातला ऊस वाहतूकदार बीडच्या मुकादमाला, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी आणणाऱ्याला, उचल (आगाऊ रक्कम) देऊन करार करतो. हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातला दुसरा वाहतूकदार जादा उचल दाखवतो आणि टोळी तिकडेच उतरते. माझं मत स्पष्ट आहे: दावा दोघांवरही टाकावा. मुकादमाकडून वसूल काय होणार? पळवणाऱ्याचा ट्रॅक्टर आहे, कारखान्यात त्याची बिलं आहेत. माहीत असलेला करार फूस लावून मोडायला लावणं ही स्वतंत्र आगळीक आहे. 1853 च्या लम्ली विरुद्ध गाय या इंग्लंडमधल्या खटल्यापासून तत्त्व तेच.

अथणीकर
तत्त्व पुस्तकात ठीक. जादा दर देणं हा धंदा आहे, गुन्हा नव्हे. आयनॉक्स या सिनेमागृहांच्या कंपनीनं स्पर्धक पीव्हीआरवर असाच दावा केला होता, 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला. धंद्याला आडकाठी करणारा करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम 27 आड आलं. शिवाय समोरच्याला तुमचा करार खरोखर माहीत होता हे दाखवावं लागतं, ‘माहीत असायला हवा होता’ एवढ्यानं भागत नाही. मुकादम तिघांकडून उचल घेतो. तिसऱ्याला पहिल्या दोघांचा पत्ताही नसतो, तोही बुडालेलाच की.

निपाणीकर
दिल्लीचा निकाल कर्नाटकात बंधनकारक नव्हे. आणि माहिती होती हे दाखवता येतं. टोळी फिरणार अशी कुणकुण लागताच करारनाम्याची प्रत जोडून त्या वाहतूकदाराला आणि त्याच्या कारखान्याच्या शेती विभागाला नोंदणीकृत स्पीड पोस्टानं नोटीस धाडा. पोचपावती आली की ‘मला ठाऊक नव्हतं’ संपलं.

अथणीकर
टोळी तिकडच्या तळावर उतरल्यावर गेलेली नोटीस काय कामाची? करार तेव्हा मोडून झालेला असतो. त्याआधीचे व्हॉट्सॲप संदेश, बँकेतून गेलेल्या उचलीची तारीख, असं काही हवं. संदेश दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा, नाहीतर समोरचा वकील तिथंच हरकत घेतो.

हिशेबनीस, संकेश्वर
दोघंही मुदतीवर बोलेनात. मुकादमावर करारभंगाचा दावा 3 वर्षांत चालतो. फूस लावणाऱ्यावर मात्र मुदत कायद्याच्या अनुच्छेद 78 प्रमाणं करार मोडल्यापासून फक्त 1 वर्ष. लोक आधी पोलिसांत फसवणुकीची तक्रार देतात, मग ‘पुढच्या हंगामात येतो म्हणालाय’ म्हणून थांबतात, आणि वर्ष जातं. व्यावसायिक वाद ठरला आणि रक्कम 3 लाख किंवा त्याहून जास्त असली, तर आधी मध्यस्थीला जावं लागतं; तातडीचा मनाई हुकूम मागितला तरच थेट दावा दाखल होतो. मध्यस्थीचा काळ मुदतीत धरत नाहीत, एवढा दिलासा.

कामगार बाजू
टोळी काय बैलजोडी आहे, कुणी सोडून न्यायला? उचलीपोटी मजुराला बांधून ठेवणारा करार 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं रद्द ठरतो, त्या कर्जाच्या वसुलीचा दावाच चालत नाही. रद्द करार मोडायला लावला म्हणून भरपाई कसली? आणि टोळीनं आमचाच ऊस तोडावा असा हुकूम कुठलंच न्यायालय देणार नाही.

निपाणीकर
हा मुद्दा वजनदार आहे. म्हणून करार मुकादमाशी, ठेकेदार या नात्यानं, अमुक टन तोडणीचा करावा. मजुरांची नावं, आधारकार्डं त्यात घालू नयेत, ‘फिटेपर्यंत जाणार नाही’ असलं कलम तर नकोच. ‘उचलीच्या दुप्पट दंड’ लिहिला तरी करार कायद्याच्या कलम 74 खाली वाजवी तेवढंच मिळतं. नुकसानीचा हिशेब गेल्या हंगामाच्या वजनपावत्यांवर मांडा, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वजा करा, बदली टोळीला जादा मोजलेले पैसे मिळवा.

अथणीकर
असा करार असेल तर मुकादमावर दावा टिकेल, ते मान्य. पळवणाऱ्याविरुद्ध पुरावा अजून शून्यच.

हिशेबनीस, संकेश्वर
गडहिंग्लजला महाराष्ट्राच्या मुद्रांकावर केलेला करार कर्नाटकातल्या कोर्टात नेताना फरकाचा मुद्रांक आधी भरा. मुद्रांक कमी पडला तर दंड दहापटीपर्यंत, आणि तो भरेपर्यंत कागद पुराव्यात येत नाही. मराठी करारनाम्याचं कन्नड भाषांतरही सोबत ठेवा, त्यापायी तारखा पडतात.