शब्दचर्चा : 'क्वाइट गुड', 'स्टेपनी' आणि फॅनफिकमधला इंग्रज

प्रश्न : शेरलॉक होम्स-वॉटसनवर इंग्रजीत फॅनफिक (आवडत्या पात्रांवर चाहत्याने रचलेली गोष्ट) लिहितेय, आजच्या लंडनमधली. वाचणारे म्हणतात गोष्ट छान पण माणसं ब्रिटिश वाटत नाहीत. मी तर दर दोन वाक्यांना 'ब्लडी' आणि 'मेट' टाकलंय. आणि एकीने 'क्वाइट गुड'ला हरकत घेतली, ते का कळलं नाही.

उत्तर : आधी निम्मे 'ब्लडी' काढा, मग बोलू :)

'क्वाइट'वरची हरकत अगदी बरोबर आहे. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणतो तेव्हा त्याला 'चांगलंच झालंय' म्हणायचं असतं, इंग्रज म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा 'ठीकय, चालेल' एवढंच, त्यामुळे तुमचा वॉटसन प्रेमाने कौतुक करायला गेला आणि वाचणाऱ्या इंग्रज बाईला वाटलं हा नाक मुरडतोय. पण 'क्वाइट इम्पॉसिबल', 'क्वाइट राइट' इथे तोच शब्द 'अगदी, पूर्णपणे' असा होतो. ज्या विशेषणात कमी-जास्त करायला जागा असते तिथे तो जोर कमी करतो, जिथे जागाच नसते तिथे वाढवतो. उलट 'नॉट बॅड' ही भरभरून दाद असू शकते, आपल्याकडे एखादे आजोबा आमटी फर्मास झाली तरी 'बरी झालीय' म्हणत दुसरी वाटी पुढे करतात ना, तसं.

हे आवाज खाली ठेवून बोलणं किती खोल मुरलेलं आहे त्याचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कोरियन युद्ध, एप्रिल 1951, इमजिन नदीकाठी ग्लॉस्टर रेजिमेंटची बटालियन चिनी फौजेच्या वेढ्यात सापडलेली. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती कळवली ती 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी' अशा थाटात. दुसऱ्या इंग्रजाला त्यातून 'आम्ही मरणाच्या दारात आहोत' ऐकू आलं असतं, अमेरिकनला वाटलं थोडी ओढाताण आहे, निभावतील. बटालियनमधले बहुतेक जण मारले गेले नाहीतर कैद झाले. तुमच्या प्रकरण तीनमध्ये वॉटसनला गोळी लागल्यावर होम्स पानभर रडून बोलतो, तिथे हा किस्सा आठवा. ब्रिटिशपणा शिव्यांमध्ये कमी आणि न बोललेल्या गोष्टींत जास्त असतो असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे बोलणारा कुठल्या काळातला, कुठल्या गावचा, कुठल्या घरातला हे आधी ठरवा. 1887 पासूनच्या मूळ कथांत ते दोघं एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, इतकी वर्षांची दोस्ती असूनही, आणि त्यात परकेपणा अजिबात नाही. आजच्या लंडनमध्ये तसं केलंत तर दोघं जुन्या बोर्डिंग शाळेतले वाटतील. आणि हो, 'इलेमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे वाक्य असंच्या असं मूळ कथांत कुठेच नाही, तेव्हा 'मूळ टच' म्हणून घालू नका. पैसे आले तर तारीख बघा, 15 फेब्रुवारी 1971 आधी 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगचा पौंड, बोलताना शिलिंगला 'बॉब'. पौंडाला 'क्विड', पण फाइव्ह क्विड, क्विड्स नाही.

घर म्हणजे वर्ग, आणि तो एका शब्दात कळतो. ॲलन रॉस नावाच्या भाषातज्ज्ञाने 1954 मध्ये यावर लेखच लिहिला होता. उच्चभ्रू माणूस 'नॅपकिन' म्हणतो, त्यांच्यासारखं दिसू पाहणारा मध्यमवर्गीय 'सर्व्हिएट'. ऐकू आलं नाही तर उच्चभ्रू सरळ 'व्हॉट?' म्हणणार. 'पार्डन' आपल्याला जास्त सभ्य वाटतं म्हणून तुम्ही ते सरदारपुत्राच्या तोंडी घातलंय, तिथेच तो सरदारपुत्र राहत नाही. अर्थात ही यादी जुनी झाली, विशीतल्या मुलांना तशीच्या तशी लावू नका.

आता खास आपला धोका. आपण लिफ्ट, टॉर्च, पेट्रोल, फर्स्ट फ्लोअर हे सगळं ब्रिटिशांसारखंच बोलतो म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि नेमके तिथे फसतो. तुमची पात्रं 'हॉटेल'मध्ये जेवायला जातात, लंडनकर राहायची सोय असेल त्यालाच हॉटेल म्हणेल. 'पास्ड आउट इन 2015' म्हणजे तिथे 2015 साली चक्कर येऊन पडला. सगळ्यात भारी 'स्टेपनी'. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून, तिथे 1904 च्या सुमारास जादा चाक बनवायला लागले, त्या चाकाचं नाव स्टेपनी. आपल्याकडे गॅरेजवाला आजही तेच म्हणतो, तिकडे मात्र 'स्पेअर व्हील', आणि 'स्टेपनी' म्हटलं तर पूर्व लंडनचा भाग आठवेल. तसंच 'डिकी', तिकडे 'बूट'.

प्रश्न : बापरे, हॉटेल तर पाच ठिकाणी आहे! बदलते. 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसहा ना? आणि 'मॉम' सगळीकडे 'मम' करू?

उत्तर : साडेसात. 'पास्ट' गाळलेलं असतं, बाकी काही नाही.

लंडनच्या पात्रांना 'मम' करा. पण तुमची इन्स्पेक्टर बर्मिंगहॅमची दाखवलीय ना, तिचं 'मॉम' राहू द्या, त्या भागात खरंच तसं म्हणतात आणि तिथला वाचक खूश होईल. न्यूकॅसलकडे आणि वेल्समध्ये 'मॅम'. दुकानदार, बसवाले अनोळखी माणसाला जे म्हणतात तेही असंच गावागणिक बदलतं, न्यूकॅसलला 'पेट', स्टोक आणि नॉटिंगहॅमकडे 'डक', ग्लासगोत बायकांना 'हेन'. प्रकरण चारमधला तो ग्लासगोचा टॅक्सीवाला इन्स्पेक्टरला 'मॅडम' म्हणतोय तिथे 'हेन' करून बघा, आणि ती चिडते की नाही ते तुम्हीच ठरवा.