बंब आणाल, पाणी कुठून?

सप्तशृंगी गडावर आगीसाठी कायमचा एक अग्निशमन बंब ठेवा, अशी एक सूचना आली आहे; ती दुकानं आणि धर्मशाळांपुरती पटते. चैत्राच्या यात्रेत पायथ्याच्या नांदुरीहून घाट चढून सप्तशृंगीवर बंब यायचा म्हणजे तोवर सगळं खाक. पण तेव्हा बंबात पाणी कुठलं भरणार? नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबक-पेठ-सुरगाणा पट्ट्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर! आगीसाठी टाकी वेगळी राखली नाही तर बंब नुसता शोभेचा.

वणव्याचं तर गणितच निराळं, तिथे बंबाचा पाइप पोचतच नाही. अंजनेरीच्या उतारावर आम्ही ओल्या फांद्यांनी झोडपत आग विझवली. ती चढाला जोरात पळते, म्हणून वर उभं राहायचं नाही, बाजूनं झोडपत यायचं, हे पाड्यावरच्या पोरांनी शिकवलं. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवतं, नोंदणी कुणालाही करता येते, जरूर करा. फक्त उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी तीनला लागलेली आग त्याला बहुधा रात्रीच दिसणार. त्याआधी धूर दिसतो तो गुराख्याला, आणि त्याने फोन कुणाला करायचा हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं मी पाहिलं नाही.